आशीर्वाद मिळालेल्यांची लेकरं विटा का पाडत होती? उत्पत्तीचा शेवट आणि निर्गमाची सुरुवात

विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ४९व्या अध्यायात याकोब मरणाच्या बिछान्यावरून आपल्या बारा मुलांना आशीर्वाद देतो. दोन-चार पानं उलटली की दुसऱ्या पुस्तकाच्या, निर्गमच्या, पहिल्याच अध्यायात त्यांचे वंशज मिसरात (इजिप्तमध्ये) वेठबिगारीवर चिखल तुडवताना दिसतात. मग आशीर्वाद फुकट गेला का? ज्या लेवीला बापाने जवळजवळ शापच दिला, त्याच्या घराण्यात लोकांची सुटका करणारा मोशे कसा जन्मला? आणि इस्राएलाच्या, म्हणजे याकोबाच्या या वंशजांच्या, सुटकेची सुरुवात धरायची कुठून, जळत्या झुडपातून देव मोशेशी बोलला तिथून की त्याआधीपासून?

मी बरीच वर्षं जुना करार शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात हमखास येतो, बहुधा मागच्या बाकावरून. माझं उत्तर असं: आशीर्वाद फुकट गेला नाही, तो तंतोतंत फळाला आला, आणि फळाला आला म्हणूनच फारो, म्हणजे मिसरचा राजा, बिथरला. लेवीचं उत्तर जरा लांबचं आहे. पण ते कळलं की या दोन पुस्तकांमधला सांधा दिसतो.

आधी आशीर्वाद म्हणजे काय ते. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडल्यावर ‘सुखी राहा’ म्हणतात तेवढ्यापुरती ही गोष्ट नाही. उत्पत्तीतल्या घरात बापाचा शेवटचा आशीर्वाद हा मृत्युपत्राच्या जवळ जाणारा व्यवहार आहे. घराण्याचा कर्ता कोण, वाटा कुणाचा, कोण कुणाच्या हाताखाली, हे त्यात ठरतं, आणि एकदा तोंडातून गेलं की मागे घेता येत नाही. २७वा अध्याय आठवा. आंधळा बाप इसहाक, थोरल्या एसावाचं सोंग घेऊन हातांवर आणि मानेवर करडांची कातडी गुंडाळलेला धाकटा याकोब, स्वयंपाक आणि बेत दोन्ही आईचे, रिबकाचे. फसवणूक उघडी पडल्यावर इसहाक थरथर कापतो, पण ‘तो आशीर्वाद रद्द’ असं म्हणत नाही. एसाव रडत विचारतो, बाबा, तुमच्याजवळ एकच आशीर्वाद होता का? मला तरी सगळ्या उत्पत्तीत यापेक्षा जिव्हारी लागणारं वाक्य सापडलेलं नाही. त्याने मसुरीच्या वरणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकला होता हे खरं, तरी त्या ठिकाणी वाचकाची दया एसावाकडेच जाते, आणि लिहिणाऱ्याला ती तशी जायला हवी आहे.

आता ४८व्या अध्यायात या. तोच याकोब म्हातारा झालाय, त्याची नजरही बापासारखी गेलीय. मिसरात त्याला १७ वर्षं झाली आहेत. त्याचा मुलगा योसेफ, जो पुढे मिसरात मोठ्या पदाला पोचला, भावांकडून विकला गेला तेव्हा तोही १७ वर्षांचाच होता. योसेफ आपले दोन मुलगे घेऊन येतो. चित्रांत ही दोन मुलं गुबगुबीत बाळं दाखवतात, ते चुकीचं आहे. ती दुष्काळाआधी जन्मली, याकोब दुष्काळाची दोन वर्षं सरल्यावर मिसरात आला आणि तिथे १७ वर्षं जगला. म्हणजे ही विशीच्या आसपासची तरणी पोरं आहेत. योसेफ थोरल्या मनश्शेला बापाच्या उजव्या हाताशी आणि धाकट्या एफ्राइमाला डाव्या हाताशी उभं करतो. म्हातारा हातांची कैची करतो. उजवा धाकट्यावर, डावा थोरल्यावर. योसेफाला ते रुचत नाही, तो बापाचा हात धरून बाजूला करू लागतो. त्यावर याकोब म्हणतो, मला ठाऊक आहे, बाळा, मला ठाऊक आहे.

पहिल्या आंधळ्याला ठाऊक नव्हतं, या आंधळ्याला आहे. इसहाकाच्या तंबूत धाकट्याने आशीर्वाद चोरला होता, इथे तो धाकट्याला उघडपणे दिला जातो. कोणी वेषांतर करत नाही, कोणी रडत नाही, आणि मनश्शेही रागावून निघून जात नाही. त्याच बैठकीत याकोब या दोघांना दत्तक घेतो: रऊबेन आणि शिमोन जसे माझे, तसे हे माझे. त्यामुळे योसेफाला एकाऐवजी दोन वाटे मिळाले, म्हणजे थोरल्या मुलाचा दुप्पट वाटा. गंमत अशी की पुढे ‘अनुवाद’ या नियमशास्त्राच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात नेमकं हेच करायला मनाई आहे: आवडत्या बायकोच्या मुलासाठी नावडतीच्या थोरल्याचा हक्क डावलू नये. याकोबाने आवडत्या राहेलीच्या योसेफासाठी नावडत्या लेआच्या थोरल्या रऊबेनाला डावललं होतं. नियमशास्त्राला आपल्या पूर्वजांचे पराक्रम चांगलेच आठवत होते, असं मी वर्गात म्हणतो.

थोरली पाती आणि धाकटी पाती हा वाद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, राजघराण्यांपासून बांधावरच्या भांडणांपर्यंत तो आपल्या ओळखीचा आहे. उत्पत्तीत मात्र तो दर पिढीत एकाच बाजूने सुटतो. इश्माएलाऐवजी इसहाक, एसावाऐवजी याकोब, रऊबेनाऐवजी योसेफ आणि यहूदा, जेरहाऐवजी पेरेस, मनश्शेऐवजी एफ्राइम. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

४९व्या अध्यायाला आपण ‘बारा आशीर्वाद’ म्हणतो खरं, पण सरळ वाचलं तर पहिले तिघे बोलणीच खातात. हे काव्य इब्री (हिब्रू) शास्त्रातल्या जुन्या काव्यांपैकी मानलं जातं, काही ओळी इतक्या अवघड आहेत की भाषांतरकार एकमेकांशी जुळत नाहीत. यहूदाच्या राजवेत्राबद्दलच्या (राजदंडाबद्दलच्या) ‘शिलो’ या एका ओळीवर तर शेकडो वर्षं शाई खर्च झाली आहे. त्यात इथे शिरत नाही. इस्साखार गाढव, दान वाटेवरचा साप, नफताली हरिणी, बन्यामीन लांडगा, हे सगळं पुढच्या वंशांच्या मुलखांची आणि स्वभावांची चित्रं आहेत. आपल्या प्रश्नाचं उत्तर मात्र पाचव्या ते सातव्या वचनात आहे.

तिथे याकोब शिमोन आणि लेवी यांना एकत्र घेतो. त्यांच्या तलवारी म्हणजे हिंसेची हत्यारं, त्यांच्या मसलतीत मी बसणार नाही, त्यांच्या रागाला शाप असो, मी त्यांना याकोबात विभागीन आणि इस्राएलात पांगवीन. संदर्भ ३४व्या अध्यायाचा आहे. शखेम गावच्या सरदाराच्या मुलाने त्यांची बहीण दीना हिच्यावर अत्याचार केला. भावांनी सोयरिकीचं बोलणं लावलं, अट घातली की गावच्या सगळ्या पुरुषांनी सुंता करून घ्यावी, आणि तिसऱ्या दिवशी ते वेदनेत पडलेले असताना या दोघांनी गाव कापून काढलं. याकोब तेव्हा फक्त एवढंच म्हणाला की तुम्ही शेजारपाजारी माझं नाव खराब केलंत. मुलांनी उलट विचारलं, मग आमच्या बहिणीला वेश्येसारखं वागवू द्यायचं होतं का? अध्याय त्या प्रश्नावर संपतो. बाप गप्प. त्याचं उत्तर पंधरा अध्यायांनी, मरताना येतं.

हे सगळं मनात ठेवून निर्गम उघडा. सुरुवातीला नावांची यादी, सगळे मिळून ७० जीव. (ग्रीक भाषांतरात ७५ आहेत, आणि नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनही ७५ म्हणतो. हस्तलिखितांच्या दोन परंपरा आहेत, गोंधळून जायचं कारण नाही.) मग सातवं वचन: ते फलद्रूप झाले, वाढले, बहुगुणित झाले, अतिशय बलवान झाले आणि देश त्यांनी भरून गेला. याकोबाने एफ्राइम-मनश्शेच्या डोक्यांवर हात ठेवून हेच मागितलं होतं, यांची संख्या खूप वाढो. देवाने बेथेलला खुद्द याकोबाला हेच दिलं होतं. आशीर्वादात मिसरातला आराम किंवा राजाची मर्जी यांतलं काही कबूल केलेलं नव्हतं. वाढ कबूल केली होती, ती झाली.

आणि लगेच आठव्या वचनात योसेफाची ओळख नसलेला नवा राजा गादीवर येतो. त्याला ही वाढ दिसते आणि तो घाबरतो: उद्या लढाई झाली तर हे शत्रूला मिळतील. म्हणून वेठ, म्हणून पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरं. पण जितका जाच केला तितके ते वाढतच गेले. अब्राहामाला उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात आधीच सांगून ठेवलं होतं की तुझी संतती परक्या देशात ४०० वर्षं दास्यात राहील. म्हणजे दास्य हे वचनातच धरलेलं आहे. ‘देवाचा आशीर्वाद असेल तर घरात संकट येत नाही’ असा उपदेश ऐकून आलेल्या माणसाला हे पचत नाही, पण मजकूर तसाच आहे.

आता सुटकेची सुरुवात. फारोची पुढची युक्ती सुइणींना हाताशी धरण्याची. मुलगा झाला तर मारा, मुलगी झाली तर जगू द्या. दोन सुइणींची नावं दिली आहेत, शिप्रा आणि पुवा. फारोचं नाव मात्र दोन्ही पुस्तकांत कुठेच नाही, इतिहासकार त्यावर अजून भांडताहेत. त्या इब्री होत्या की इब्री बायकांची बाळंतपणं करणाऱ्या मिसरी, याबद्दल प्राचीन काळापासून दोन मतं आहेत. मला दुसरं जास्त पटतं, कारण फारो आपला असला हुकूम इब्री बायका पाळतील अशी आशा कशी करील? काहीही असो, त्या देवाचं भय धरतात, मुलं जगू देतात आणि जाब विचारल्यावर राजाच्या तोंडावर सांगतात की इब्री बायका दणकट असतात, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. देव त्यांचं भलं करतो आणि त्यांची घराणी वसवतो. आशीर्वाद मिळालेल्या बारा जणांत ज्यांचा मागमूस नव्हता अशा या दोघींपासून सुटका सुरू होते.

फारोने मुलींना निरुपद्रवी समजून सोडलं. त्यानंतर त्याचा प्रत्येक डाव बायकाच उधळतात: सुइणी, मोशेची आई, लव्हाळ्यांत ठेवलेल्या पेटाऱ्यावर नजर ठेवून उभी असलेली बहीण, आणि खुद्द फारोची लेक. शेवटची गोष्ट तर विनोदीच आहे. मुलाची आई स्वतःच्या मुलाला पाजण्याचा पगार राजवाड्याकडून घेते. वर्गात इथे लोक हसतात, आणि हसायलाच हवं. पुढे मिद्यान या परमुलखातून परतताना वाटेतल्या मुक्कामावर मोशेचा जीव वाचवते तीही एक बाईच, त्याची बायको सिप्पोरा. ती तीन वचनं मात्र सगळ्या निर्गमात सर्वांत गूढ आहेत.

मोशेचं घराणं कुठलं? दुसऱ्या अध्यायाचं पहिलंच वाक्य: लेवीच्या घराण्यातल्या एका पुरुषाने लेवीच्या घराण्यातल्याच एका मुलीशी लग्न केलं. आईबापांची नावं तिथे मुद्दाम दिलेली नाहीत, अम्राम आणि योखबेद ही नावं सहाव्या अध्यायात येतात. इथे फक्त ‘लेवी’ दोनदा, दोन्ही बाजूंनी. उत्पत्ती संपवून आलेल्या वाचकाच्या कानात अजून ‘त्यांच्या रागाला शाप असो’ घुमत असतं. राजवेत्र यहूदाला, दुप्पट वाटा योसेफाला. सुटका करणारा माणूस मात्र पांगवून टाकायच्या वंशातून.

आणि तो माणूस वाढल्यावर पहिलं काय करतो? आपल्या भाऊबंदाला मारणाऱ्या मिसऱ्याला ठार करून वाळूत पुरतो. बहिणीसाठी गाव कापणारा पणजोबा आणि भावासाठी माणूस मारणारा पणतू यांच्यात फार अंतर नाही. अन्याय सहन न होणं आणि हात लगेच उठणं, दोन्ही रक्तातच आलं असावं. दुसऱ्या दिवशी एक इब्रीच त्याला विचारतो, तुला आमच्यावर अधिकारी कोणी नेमलं? मोशे मिद्यानात पळतो आणि तिथे अनेक वर्षं सासऱ्याची मेंढरं राखतो. राग मुरायला लागणारा वेळ म्हणून मी ती वर्षं वाचतो. हे माझं वाचन आहे, मजकूर तसं सांगत नाही. पण होरेब डोंगराजवळचं जळतं झुडूप या वर्षांनंतर येतं, मिसऱ्याला मारल्याच्या दुसऱ्या दिवशी नाही, हे तर मजकुरातच आहे.

झुडपाआधी एक वाक्य आहे, ते बहुतेक जण ओलांडून जातात. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी लोक दास्यामुळे कण्हतात, आणि देव अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याशी केलेल्या कराराची आठवण करतो. झुडपातून ओळखही तशीच दिली जाते: तुझ्या पित्याचा देव, अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा. राष्ट्राचा देव म्हणून नव्हे, घराण्याचा देव म्हणून. योसेफाने मरताना भावांना शपथ घातली होती की देव तुमची खात्रीने भेट घेईल, तेव्हा माझी हाडं इथून न्या. चौथ्या अध्यायात लोक मोशेवर विश्वास ठेवतात, कारण देवाने आपली भेट घेतली आहे हे त्यांच्या कानावर पडतं. घरात पिढ्यान्पिढ्या सांगितलेलं वाक्य अखेर खरं ठरतंय, हे त्यांनी ओळखलं असणार.

आता ती थोरल्या-धाकट्याची यादी परत काढा. निर्गम ४:२२मध्ये मोशेने फारोला काय सांगायचं? इस्राएल माझा मुलगा, माझा ज्येष्ठ पुत्र आहे. त्याला जाऊ दे, नाहीतर तुझ्या ज्येष्ठ पुत्राला मी मारीन. ज्या पुस्तकात प्रत्येक थोरला मागे पडला, त्याच्या पुढच्या पुस्तकात धाकट्यांच्या वंशातल्या सगळ्या लोकांना देव आपला थोरला म्हणतो, आणि मिसरावर आलेल्या पीडांतली शेवटची, दहावी, मिसरातल्या थोरल्यांवर येते. माझ्या मते दोन्ही पुस्तकं एकमेकांना इथेच सगळ्यात घट्ट बांधली आहेत. घरातला वारसाहक्काचा तंटा आता फारो आणि देव यांच्यात लढला जातो. मोशे स्वतःही धाकटाच. फारोसमोर उभं राहताना तो ८० वर्षांचा आणि भाऊ अहरोन ८३.

मग लेवीवरचा शाप? तोही खरा ठरला, फक्त बापाने कल्पना केली नसेल अशा तऱ्हेने. लेवीला सलग मुलूख मिळाला नाही; ४८ गावं मिळाली, सगळ्या वंशांत विखुरलेली. पांगले ते याजक आणि शिक्षक म्हणून. अनुवादाच्या ३३व्या अध्यायात मोशे मरण्याआधी वंशांना आशीर्वाद देतो, तिथे लेवीची स्तुती आहे, शिमोनाचं नावच नाही. एकच शाप, दोन भाऊ, दोन शेवट. शिमोन यहूदाच्या मुलखात विरून गेला. त्या ४८ गावांची यादी यहोशवाच्या २१व्या अध्यायात आहे, ती कंटाळवाणी म्हणून वगळू नका. त्यात शखेम आहे! पूर्वजाने ज्या गावात कत्तल केली तेच गाव लेव्यांच्या हाती आलं, आणि तेही शरणपूर म्हणून, नकळत हातून खून झालेल्या माणसाने जीव वाचवायला पळून यायचं ठिकाण. योसेफाची हाडंही अखेर शखेमातच पुरली गेली.

लेव्यांतले अहरोनाचे वंशज म्हणजे याजक, आणि लोकांना आशीर्वाद देणं हे त्यांचं काम ठरलं. ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’ हा मजकूर त्यांच्या तोंडी आहे. १९७९ साली यरुशलेमेत केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांवर या आशीर्वादातले शब्द कोरलेले आहेत. काळ इसवी सनापूर्वी ६००च्या आसपासचा. बायबलच्या मजकुराचा आज हाती असलेला हा सर्वांत जुना लिखित पुरावा. यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी मुलांच्या डोक्यांवर हात ठेवून आधी म्हणतात, देव तुला एफ्राइम आणि मनश्शे यांच्यासारखं करो, आणि मग याजकांचा हा आशीर्वाद. मुलींसाठी सारा, रिबका, राहेल, लेआ. अब्राहाम-इसहाक सोडून ही दोन नावं का? परंपरेत एक कारण असं देतात की भांडण न केलेले हे पहिले भाऊ; दुसरं असं की परक्या मुलखात जन्मूनही ते आपल्या घराण्याला धरून राहिले. त्यांची आई आसनथ ही तर मिसरी याजकाची मुलगी होती.

सुटकेची सुरुवात कुठून धरायची, याला यहुदी परंपरेचं स्वतःचं उत्तरही आहे. मिसरातल्या सुटकेची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या वल्हांडणाच्या रात्री हग्गादा ही पोथी वाचतात, तिच्यात मोशे जवळजवळ येतच नाही. तिथे कथेला हात घातला जातो तो याकोबापासून: लाबान त्याच्या मुळावर उठला होता, मग तो मिसरात उतरला, थोड्या माणसांनिशी, आणि तिथे मोठं राष्ट्र झाला. म्हणजे सासऱ्या-जावयाचं भांडण हीच पहिली अडचण आणि त्यातून निसटणं ही पहिली सुटका. हा हग्गादा आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी मराठीत वाचला आहे. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात तो इब्रीसोबत मराठी भाषांतरासह छापला गेला.

इतिहास म्हणून हे कितपत खरं, असंही विचारलं आहे, त्यावर दोनच ओळी. निर्गमाची नोंद मिसरी लेखांत सापडलेली नाही. ‘इस्राएल’ हे नाव मिसरी दगडावर पहिल्यांदा दिसतं ते मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी सुमारे १२०८, आणि तिथे ते कनानातले लोक म्हणून येतात. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात सेमिटिक लोकांची मोठी वस्ती होती याला उत्खननात भरपूर आधार आहे. यापलीकडे जो छातीठोकपणे तारीख सांगतो, मग ती कोणतीही असो, त्याच्यापासून चार हात दूर राहा.

स्वतः वाचून पाहायचं असेल तर क्रम असा ठेवा: उत्पत्ती २७, मग ३४, मग ४८ ते ५०, लगेच निर्गम १ ते ५, आणि शेवटी अनुवाद ३३ व यहोशवा २१. ३४वा अध्याय गटात वाचताना लोक संकोचतात आणि पुष्कळ अभ्यासमालांतून तो गाळलेला असतो, पण तो गाळला तर लेवीचा पत्ता लागणार नाही. आणि निर्गम चौथ्या अध्यायावर थांबवू नका. पाचव्यात मोशे फारोला भेटून आल्यावर विटांसाठीचा पेंढा बंद होतो, विटांची संख्या मात्र तेवढीच राहते, आणि इस्राएलाचे नायक मोशे-अहरोनांना वाटेत गाठून शिव्याशाप देतात.